शुगरवाल्यांसाठी खास गूळ

पुष्पाबाईंना पहिला मार लग्नानंतर आठव्या दिवशी बसला, आणि तो गुळापायी बसला.

नवरा भागवत गुळव्या होता. अंबडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्यांचं गुऱ्हाळ. उसाचा रस भल्यामोठ्या काहिलीत उकळत असतो. ती नेमकी कधी उतरवायची हे ज्याला कळतं तो गुळव्या. त्या दिवशी भागवत विडी ओढायला गेला आणि "जरा बघ" म्हणून बायकोच्या हातात झारा देऊन गेला. तिचं माहेर हसनाबादकडचं, कापूस-मक्याचं. तिनं काहील जन्मात पाहिली नव्हती. रस फसफसला, घट्ट झाला, करपला. भागवत परत आला, त्यानं तिच्या हातातला तोच झारा घेतला आणि तिच्या पाठीत घातला. झाऱ्याला उकळती मळी चिकटलेली होती. चोळीचं कापड कातडीला बसलं ते दोन दिवसांनी निघालं, कातडी घेऊनच.

"तवापासून काहिलीवरची नजर काढली न्हाई मी," पुष्पाबाईंनी मला सांगितलं. त्यांची मुलगी आकांक्षा माझ्या शाळेत शिकायला होती, त्यातून आमची ओळख. त्या हे सांगत होत्या तेव्हा आवाजात ना राग होता ना रड. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होत्या.

पुढं मार बसतच राहिला, आणि त्या शिकतही राहिल्या. बुडबुडे लहान असतात तोवर काय करायचं, मोठे झाले की जाळ कसा ओढायचा, गार पाण्यात थेंब टाकला की त्याची गोळी कशी व्हायला पाहिजे, हे सगळं त्यांना येऊ लागलं. भागवतला ते कळत होतं. चारचौघांत तो कबूल करत नसे, पण शेवटी शेवटी काहील उतरवण्याआधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

बारा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, भर दुपारी ऊस पिळायच्या चरकानं भागवतला ओढलं. मोळीतला ऊस सारताना उपरण्याचं टोक लोखंडी लाट्यांमध्ये गेलं, त्यामागून मनगट, मनगटामागून कोपर. इंजिन शेडच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिथवर पळण्यात वेळ जाईल म्हणून पुष्पाबाईंनी हातातला कोयता चरक फिरवणाऱ्या चालत्या पट्ट्यावर घातला. पट्टा तुटला आणि सापासारखा उसळून त्यांच्या गालावर बसला. चरक थांबला. तोवर हात खांद्यापर्यंत गेला होता, आणि त्या दिवशीच्या रसाला जो रंग आला तो पुष्पाबाई अजून विसरलेल्या नाहीत. जालना यायच्या आत भागवत गेला.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी त्यांनी काहिलीखालचं चुलवण पेटवलं. धाकटा दीर काकासाहेब आडवा आला.

"वहिनी, बाईमाणसाच्या हातचा गूळ कोण घेईल?"

"खाऊन बघा, मंग सांगा," त्या म्हणाल्या.

गूळ विकला गेला. त्या दिवसापासून वाटणी ठरून गेली. काहील पुष्पाबाईंची, विक्री काकासाहेबांची. आठ-नऊ वर्षं हे बरं चाललं.

मग लोकांनी चहातली साखर सोडायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. गाडीतून उतरणारी माणसं पहिला प्रश्न विचारायची, "शुगर आहे घरात, गूळ चालेल ना?" काकासाहेब सगळ्यांना चालेल म्हणायचे. एके दिवशी त्यांनी जालन्याहून फलक रंगवून आणला आणि रस्त्याच्या कडेला रोवला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुगरवाल्यांसाठी खास गूळ'.

आकांक्षा तेव्हा जालन्याला नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आली तेव्हा तिनं बसमधूनच तो फलक वाचला.

"आई, हे बिलकुल खोटं आहे. शुगरच्या माणसाला साखर जेवढी वाईट, तेवढाच गूळ."

"चांगल्या उसाचा असला तरी?"

"कसल्याबी उसाचा असला तरी."

पुष्पाबाईंना हे खरं वाटेना. ज्या गोष्टीत त्यांचा जन्म गेला ती कुणाला अपाय करेल, हे पटायला त्यांना काही दिवस लागले. आणि त्याच दिवसांत त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. गूळ पिवळाजर्द निघत होता, ढेपा जास्त भरत होत्या आणि जिभेवर कण लागत होते. त्या जेवायला घराकडे गेल्या की मागं काहिलीत काहीतरी पडत होतं. एक दिवस त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. चिपाडाच्या गंजीमागं साखरेची पोती होती. हलकी, मळकट, स्वस्तातली साखर. शेजारी रंग उजळायची पांढरी पावडर.

त्यांनी एक पोतं ओढत चुलवणाच्या तोंडाशी आणलं.

"ठेवा ते," काकासाहेब म्हणाले.

"भाऊजी, आजारी माणसं खाऊन राह्यली हे. वरून तुम्ही फलक लावला."

"ठेवा म्हणलो ना."

त्यांनी ठेवलं नाही. काकासाहेबांनी त्यांचा अंबाडा धरला आणि डोकं चुलवणाच्या भिंतीवर आपटलं. एकदा, आणि ओरडल्या म्हणून पुन्हा एकदा. भुवईवर चार टाके पडले. डॉक्टरला सांगितलं, पाय घसरला.

यापुढचं पुष्पाबाई सांगतात तेव्हा त्यांची मान खाली जाते. त्या गप्प बसल्या. तो सगळा हंगाम गप्प बसल्या. आकांक्षाची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, गुऱ्हाळ दिराच्या नावावर होतं, आणि मार खाऊन उभं राहण्याची सवय होती तशी तोंड उघडण्याची नव्हती.

"साखर मी टाकली न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, काहील तर मीच उतरवत होते ना."

मागच्या वर्षी, जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमारास एक पिकअप गाडी फलकावर येऊन धडकली. फलक मोडून तिच्या चाकाखाली गेला. चौघं उतरले. तिघांच्या हातात लोखंडी गज होते. चौथा आष्टीकडचा परमेश्वर, तिशीचा शेतकरी. त्याच्या वडिलांना, शिवाजीरावांना, जुनी शुगर. काकासाहेबांनी त्यांना सांगितलं होतं की हा गूळ खाल्ला तर गोळ्या बंद केल्या तरी चालतं. म्हाताऱ्यानं गोळ्या सोडल्या आणि चार महिने दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा घेतला. पायाच्या अंगठ्याला काटा लागला, जखम काळी पडली, आणि आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला.

काकासाहेबांनी गाडी ओळखली आणि ते मागच्या उसात शिरले. कामावरची माणसं पळाली. पुष्पाबाई पळाल्या नाहीत, कारण काहील उतरायला आली होती.

पहिला गज मातीच्या माठावर पडला, दुसरा इंजिनावर, तिसरा पुष्पाबाईंच्या पोटरीवर. त्या गुडघ्यावर आल्या. परमेश्वरनं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि थोबाडीत मारली.

"कोण बनवतं हा गूळ?"

"मी," त्या म्हणाल्या.

त्यानं पुन्हा मारली. ओठ फाटला. तेवढ्यात त्याच्या सोबतच्या दोघांनी काहिलीच्या कडीत गज घातला आणि ती उलथायला जोर लावला.

"तिकून न्हाई, अंगावर येईल," पुष्पाबाई ओरडल्या. कुणी ऐकलं नाही.

काहील कलली. गूळ होत आलेला रस पाण्यासारखा उडून जात नाही, तो चिकटतो आणि चिकटल्या जागी भाजत राहतो. तो लाटेसारखा आला. परमेश्वर पाठमोरा होता. दोन्ही पोटऱ्यांपासून टाचांपर्यंत तो रसात सापडला आणि खाली बसला. बसल्यावर उठता येईना. त्याचा आवाज माणसाचा वाटत नव्हता, असं पुष्पाबाई सांगतात. गजवाले दोघं मागं सरले, तिसरा गाडीकडे धावला.

पुष्पाबाईंनी त्याची कॉलर धरली आणि ओढला. ओढताना स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत रसात बुडाला. चार पावलांवर पाण्याचा हौद होता. त्यांनी त्याला आत लोटलं, भाजलेला हात घेऊन स्वतःही उतरल्या आणि त्याचं डोकं वर धरून बसल्या. तो पायावरचा गूळ ओरबाडायला गेला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं त्याच्या कानाखाली लावली.

"ओढू नको. ओढलं तर मांस निघल. गार होऊ दे."

दोघांना जालन्याच्या एकाच दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी परमेश्वरनं व्हरांड्यातून जाणाऱ्या पुष्पाबाईंना हाक मारली.

"मावशी, तुम्ही मला का काढलं?"

"हौद जवळ होता," त्या म्हणाल्या. मग त्याच्या खाटेजवळ थांबल्या. "तुझ्या बापाला गेलेल्या गुळात साखर होती. मला ठाऊक होतं."

 त्यानं तोंड फिरवलं. पुष्पाबाई आपल्या खाटेवर परत गेल्या.

त्याच संध्याकाळी काकासाहेब भेटायला आले. सोबत सफरचंदं आणली होती. खाटेवर बसले आणि पुष्पाबाईंच्या पट्टी बांधलेल्या हातावर मायेनं हात ठेवला.

"पोलिसांना परमेश्वरचं सगळं सांगा. मारलं, मोडलं, जाळलं. साखरेचं नाव काढायचं न्हाई." आणि असं हळू आवाजात बोलताना त्यांनी तो हात दाबला. नर्स दोन खाटा पलीकडे होती. पुष्पाबाई ओरडल्या नाहीत. पट्टीतून पाणी आणि रक्त झिरपायला लागलं तेव्हा काकासाहेब उठले, नर्सला नमस्कार केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले. पुष्पाबाईंनी परमेश्वरचं सगळं सांगितलं. मग पोती कुठं आहेत ते सांगितलं, पावडरचं सांगितलं, भिंतीवर डोकं आपटल्याचं सांगितलं, आणि आपण सगळं जाणून गप्प बसलो हेही लिहून घ्यायला लावलं. हवालदारानं विचारलं, "बाई, हे स्वतःविरुद्ध जातंय, कळतंय ना?" त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

दवाखान्यातून सुटून आठ दिवस झाले असतील. काकासाहेबांना अटक झाली होती, ते जामिनावर सुटून आले होते. सकाळी ते कुऱ्हाड घेऊन गुऱ्हाळात आले आणि काहिलीच्या बुडावर घाव घालू लागले. पुष्पाबाई मधे गेल्या. काकासाहेबांनी लाथ घातली, त्या चिपाडावर पडल्या. कुऱ्हाड पुन्हा वर गेली, पण या खेपेला काहिलीच्या दिशेनं नव्हती. पुष्पाबाईंच्या हाताशी कोयता होता. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला, उलटा केला आणि बोथट बाजू काकासाहेबांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी ऐकला. कुऱ्हाड पडली. काकासाहेब मनगट धरून खाली बसले आणि पुष्पाबाईंनी कोयता पुन्हा उगारला.

"आई," दारातून आकांक्षा म्हणाली. एवढंच म्हणाली.

पुष्पाबाईंनी कोयता खाली ठेवला.

"मला वाईट वाटलं म्हणलं तर खोटं होईल," त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं. "बरं वाटलं मला. लई बरं वाटलं. त्याचीच भीती वाटली, मॅडम. भागवतला बी झारा मारताना असंच वाटत आसल का?"



आता त्यांच्या गुऱ्हाळाची वाटणी झाली आहे. काकासाहेबांनी इंजिन आणि चरक नेला. भावकीनं पुष्पाबाईंना लग्नाकार्याला बोलवणं सोडलं. त्या शेजारच्या शेतकऱ्याच्या चरकावर रस काढून आणतात आणि ठोकून सरळ केलेल्या काहिलीत शिजवतात. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत, म्हणून झारा डाव्या हातात असतो. पावडर नसल्यानं गूळ काळपट निघतो. कुणी गाडी थांबवून शुगरचं विचारलं तर त्या देत नाहीत. मागच्या महिन्यात एकानं हुज्जत घातली, गुळानं काही होत नाही म्हणाला. त्यांनी साडीचा पदर सारून आपला भाजलेला हात त्याच्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "घरी जाऊन डॉक्टरला विचार. मंग ये." तो आला नाही.

अंबडच्या कोर्टात तारखा चालू आहेत. एक खटला परमेश्वरवर, एक काकासाहेबांवर, एक मनगट मोडल्याबद्दल पुष्पाबाईंवर. परवाच्या तारखेला मी त्यांच्यासोबत गेले होते. परमेश्वर आधीच येऊन बसलेला होता. आम्हाला बघून उठला, चालताना पाय ओढत होता. तो आमच्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, बाबा गेले. दुसऱ्या पायालाही तसंच झालं. यावेळी त्यांनी कापू दिला न्हाई."

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. 

थोड्या वेळानं परमेश्वर म्हणाला, "वकील म्हणतो, तुम्ही माझ्यावरची केस मागं घेतली तर..."

"न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "तू मला मारलं ते मारलं. ते मी सांगणार. तुझ्या बापाचा पाय आमच्या गुळानं गेला, ते बी सांगणार. दोन्ही बराबर सांगणार."

परमेश्वरनं मान हलवली. रागानं की कबुलीनं, ते मला कळलं नाही. शिपायानं दोघांच्या नावाचा पुकारा केला. परमेश्वर आधी उठला, पायावर भार येईना म्हणून बाकाची पाठ धरून क्षणभर थांबला. पुष्पाबाई त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. त्या पदर सारखा करून आत गेल्या, आणि तो त्यांच्या मागून गेला.