दत्तारामच्या खांद्याची टक्केवारी

कामावर जायबंदी झालेल्यांच्या केसेस घेते म्हटलं, की लोक हळहळतात. रत्नागिरीतल्या माझ्या ऑफिसात मात्र रडण्यापेक्षा हसणंच जास्त! भरपाईचा अंदाज काढायला वय, पगार आणि शरीर किती टक्के कामातून गेलं, हे कळावं लागतं. आमची माणसं यातलं काही धड सांगतील तर शपथ. एकट्या दत्तारामचेच किस्से बघा ना.

दत्ताराम संगमेश्वरकडचा, मासे गोठवणाऱ्या कंपनीत हमाल. बर्फाची लादी उजव्या खांद्यावर पडली आणि ओझी उचलणं संपलं. भरपाईतून घरापुढे छोटं दुकान टाकायचं, एवढाच आता आधार.

*

"वय किती?"

"आमचा फणस पयल्यांदा धरला ना, त्या साली झालो मी."

म्हटलं, "कोर्टात शाळेचा दाखला लागतो. वय कमी, तेवढी भरपाई जास्त."

त्याची बायको सुनंदा लगेच म्हणाली, "मग पंचवीस लिवा!"

थोरला मुलगा कॉलेजात होता!

*

पगार विचारल्यावर त्यानं सुनंदाकडे बघत हळूच आकडा सांगितला. मी म्हटलं, "पगारावरच भरपाई ठरते हो."

मग ओव्हरटाइम निघाला, भत्ता निघाला. आकडा फुगतच गेला.

"म्हंजे इतकी वर्सा मला निम्माच सांगत व्हतात?" सुनंदा कडाडली.

खांद्यापेक्षा मोठी दुखापत त्या दिवशी माझ्या ऑफिसात झाली!

*

डॉक्टरांकडे तर कहरच. "कसं वाटतंय?"

"बरा हाय वो! एकदम फसक्लास!"

मी कपाळाला हात लावला. चारचौघांत दुखतंय म्हणायची लाज वाटते आमच्या माणसाला. डॉक्टर मुरलेले. तपासून म्हणाले, "घाला शर्ट." उजवी बाही लोंबकळतच राहिली. सुनंदा उठली, बाही चढवली, बटणं लावली. डॉक्टरांनी टक्केवारी लिहिली ती ते बघून.

*

सुनावणी तोंडावर आणि मध्ये आला शिमगा. दत्ताराम प्रसाद घेऊन हजर. "मॅडम, आईच्या पालखीला खांदा देऊन आलो!"

"कुठला खांदा?"

"उजवाच! डाव्याची सवय नाय."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कंपनीचे सावंत वकील त्याच गावचे, शिमगा कधी न चुकवणारे! पालखी नाचवणाऱ्या माणसाला टक्केवारी देणार कोण? दुकान गेलंच म्हणायचं.

सुनावणीला सावंत उठले. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, डॉक्टरांची टक्केवारी आम्हाला मान्य आहे."

माझ्या जिवात जीव आला! सुनंदानं तिथूनच देवीला हात जोडले. बाहेर आल्यावर मला राहवेना. "सावंतसाहेब, तुम्ही पालखीला नव्हता का?"

सावंत स्वतःचा खांदा चोळत म्हणाले, "मॅडम, त्याच्या जोडीला मीच होतो!"