खिंडीतला दुसरा कागद

रोसेन्दो चापार्रोच्या हाताला बारा महिने कांद्याच्या पातीचा वास यायचा. तळ्याकाठच्या आमच्या गावात सगळ्यांच्याच हाताला येतो, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. सायकल मात्र तो अशी लखलखीत ठेवायचा की बायको म्हणायची, "तिच्याशीच लग्न लावायचं होतंत, माझ्या बापाचा खर्च तरी वाचला असता!"

जुलैत कार्मेन मातेचा सण येतो. पाद्रेबाबा सायकलींवर तीर्थ शिंपडतात आणि गावोगावचे शेतकरी, गवळी, गवंडी शर्यतीला निघतात. तळ्यापासून खिंडीपर्यंत नुसता चढ, आणि खिंडीपलीकडे थेट गरम मुलखापर्यंत उतार. चढताना घामाने भिजलेलं अंग उतारावर गारठून जातं, म्हणून खिंडीत प्रत्येकाच्या घरचं माणूस जुनं वर्तमानपत्र घेऊन उभं असतं. कागद जर्सीच्या आत छातीवर कोंबायचा आणि सुटायचं. जर्सी महागाची असो की फाटकी, कागदाशिवाय कुणी उतरत नाही.

रोसेन्दोचा आणि आपल्या नवऱ्याचा असे दोन कागद घेऊन ओतिलिया उभी राहायची. ओतिलिया म्हणजे इलादियोची बायको. रोसेन्दोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी इलादियोने हातांत धरलं होतं. तेव्हापासून दोघे एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणत, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जड. इलादियो गाई पाळायचा, कमी बोलायचा आणि चढावर रोसेन्दोला दरवर्षी मागे टाकायचा. वर थांबून म्हणायचा, "या, कोम्पाद्रे, सावकाश या." त्यात टोमणा नव्हता. रोसेन्दोला तेच जास्त झोंबायचं.

मागच्या वर्षी खिंडीत गारा पडत होत्या आणि धुकं इतकं की हाताभरापलीकडचं दिसेना. त्या दिवशी इलादियोचं पोट बिघडलेलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा रोसेन्दो त्याच्या आधी वर पोचला. ओतिलियाने अंगावरच्या लोकरी रुआनाखाली कोरडे ठेवलेले दोन कागद बाहेर काढले होते, एकेका हातात एकेक.

"घ्या, भाऊजी! आमचे कुठे राहिले?"

"येतायत, वहिनी."

तिने मान वळवून खालच्या रस्त्याकडे पाहिलं. दुसरा हात तसाच लांब राहिला होता. रोसेन्दोने तोही कागद ओढला आणि सुटला. थंडी वाजत होती म्हणून नव्हे, एक कागद पुरेसा होता. 'आज कुडकुडू दे त्याला,' एवढंच त्याच्या मनात आलं.

ओतिलियाने गर्रकन मागे पाहिलं तेव्हा तिला धुक्यात शिरणारी निळी जर्सी तेवढी दिसली. ती पलीकडच्या गावच्या नोर्बेर्तोची होती. तो बिचारा त्याच क्षणी शेजारून गेला होता.

इलादियो आला तेव्हा बायकोचे हात रिकामे होते. तो तसाच उतरला. तिसऱ्या वळणावर गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला गेला नाही आणि तो दगडांवर आपटला. मनगटाचा चुरा झाला. हाड जुळलं, पण वाकडं.

आणि रोसेन्दो? नववा आला. एवढं करून नववा! खालच्या उकाड्यात त्याने छातीवरचे दोन्ही ओले कागद काढले आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी टाकले.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे इलादियोच्या गोठ्यात हजर. गाई पिळायच्या, चारा टाकायचा, मगच कांद्याच्या वाफ्यांकडे जायचं. ओतिलिया त्याला पानेलाचं, म्हणजे गुळाचं, गरम पाणी आणि चीजचा तुकडा द्यायची, आणि नोर्बेर्तोच्या सात पिढ्या काढायची.

"त्या मेल्या चोराचे हात झडोत! आणि एक तुम्ही, भाऊजी. तुम्ही नसता तर आमच्या गाई विकाव्या लागल्या असत्या."

रोसेन्दो कपात बघत चीज गिळायचा. पाद्रेबाबांनी तर प्रवचनात त्याचं नाव घेतलं, कोम्पाद्रे असावा तर असा. त्या दिवशी त्याला देवळात उभं राहवेना. कबुलीच्या वेळी तो शिव्या दिल्याचं सांगे, प्रार्थना चुकवल्याचं सांगे. कागदाचं सांगत नसे. सांगितलं असतं तर पाद्रेबाबांनी 'जा, ओतिलियाला सांग' म्हटलं असतं, आणि तेच तर त्याला नको होतं.

नोर्बेर्तो रविवारच्या बाजारात बटाटे विकायचा. ओतिलियाने भर बाजारात त्याचा उद्धार केला, आणि हळूहळू आमच्या बायका त्याच्या पोत्यांपुढून नाक वर करून जाऊ लागल्या. तो कार्मेन मातेची शपथ घ्यायचा. लोक हसायचे.

यंदा तीर्थ शिंपडून झाल्यावर नोर्बेर्तो सायकल ढकलत रोसेन्दोपाशी आला.

"दादा, तुम्ही अगदी माझ्यापुढे होतात. मी काही घेतलं नाही, हे तुम्ही पाहिलंत की नाही? एवढं एकदा सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"धुकं होतं," रोसेन्दो म्हणाला.

नोर्बेर्तोने मान हलवली. "होतं खरं," म्हणाला, आणि जाऊन रांगेत उभा राहिला. रोसेन्दोला त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सगळा चढ ती निळी जर्सी रोसेन्दोच्या डोळ्यांसमोर होती. पुढे जायची ताकद पायांत होती, पण तो गेला नाही. खिंडीत पाऊस लागला होता. ओतिलिया या खेपेला गठ्ठाच घेऊन आली होती आणि शेजारी इलादियो उभा होता, वाकडा हात रुआनात लपवून. नोर्बेर्तोचं आपलं माणूस कुणी आलेलं दिसत नव्हतं. त्याने जाता जाता हात पुढे केला. ओतिलियाने गठ्ठा छातीशी धरला.

"आधी गेल्या वर्षीचा परत आण!"

रोसेन्दोने ब्रेक लावले आणि पाय जमिनीवर टेकले. शर्यतीत खिंडीत कुणी थांबत नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"वहिनी, त्याला द्या. तो कागद मी नेला होता."

"कुठला कागद?"

"इलादियोचा. दोन्ही मीच नेले."

ओतिलिया हसली. भाऊजींना दम लागलाय, काहीतरी बडबडतायत, असंच तिला वाटलं असावं. मग तिचं हसू गेलं.

इलादियो पुढे आला. "खूप थंडी वाजत होती का, कोम्पाद्रे?"

केवढी मोठी पळवाट दिली होती त्याने! नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," रोसेन्दो म्हणाला. "एक पुरला असता."

इलादियोने वाकडा हात रुआनातून बाहेर काढला, पाहिला, परत आत घेतला. ओतिलिया थोड्या अंतरावर थांबलेल्या नोर्बेर्तोकडे गेली, त्याच्या जर्सीची चेन स्वतः खाली ओढली, कागद नीट पसरून आत घातला आणि चेन गळ्यापर्यंत लावून दिली. मग ती रोसेन्दोकडे आली.

"उद्यापासून गोठ्यात येऊ नकोस," ती म्हणाली. वर्षानुवर्षांचं 'भाऊजी' त्यात नव्हतं.

तिने गठ्ठ्यातले दोन कागद काढले आणि त्याच्या छातीवर दाबले.

"घे. तुला दोन लागतात."