राहनाळच्या लूमना जाळ्या बसल्या तेव्हा

भिवंडीला कोणी फिरायला जातं का, असं आईनं विचारलं तेव्हा मी बॅग भरत होतो. भोपाळच्या वायुकांडानंतर कारखान्यांचा कायदा कडक झाला होता. अपघात झाला तर मालकालाच धरणार होते. भिवंडीच्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागांच्या मालकांना, तपासणीसाठी तयार करायचं काम आमच्या छोट्या संस्थेनं माझ्या गळ्यात घातलं होतं.

नाशिकहून एसटी पकडली. वाटेत वडप्याला तेव्हा गोदामं नव्हती, नुसती भातशेती. भिवंडी स्टँडजवळ निहारी-पाव हाणला. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, नंतर पातेलं रिकामं होतं. पुढे राहनाळपर्यंत रिक्षा. आज जाणाऱ्यांनी मात्र ठाण्याहून कशेळीमार्गे जाणं टाळावं, ट्रकांत अडकाल.

पाटीलशेटची लूमची शेड त्यांच्या घराला लागूनच होती. लूम फिरवणारा मोटरचा पट्टा सुटला की तो चालत्या यंत्रावर हातानंच चढवायचा, ही तिथली रीत. त्या पट्ट्यांवर बसवायच्या जाळ्या शेटनी करून घेतल्या होत्या खऱ्या, पण त्या ऑफिसात रचलेल्या, दसऱ्याचं हळदकुंकू लावलेल्या.

"सायेब येतील त्या दिवशी बसवू, गेले का काढू," शेट म्हणाले. "जाळी असली का पट्टा चढवाया येत न्हाय."

तपासणी दोन दिवसांवर होती. कोऱ्या जाळ्या बघून कुठलाही अधिकारी ओळखणार आणि शेडला टाळं लागणार. मी चिडलोच. "कसा चढवता, दाखवा," म्हटलं.

शेटनी बाही सरसावली. चहा घेऊन आलेल्या वहिनी, शेटच्या पत्नी, दारातच थांबल्या. "तुमी हात नका घालू. रफीकभाई हाय ना, त्यो घालंल."

रफीकभाई, त्यांचा जुना कारागीर, समोरच उभा होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेटनी सरसावलेली बाही खाली केली.

"मोटर बंद कर," ते रफीकभाईला म्हणाले. "अन् लोहाराला बोलव."

त्याच दिवशी जाळ्या बसायला लागल्या. पट्टा चढवता यावा म्हणून लोहारानं प्रत्येक जाळीला बिजागरीचं दार केलं, आणि मोटर बंद केल्याशिवाय ते उघडायचं नाही असं मी सगळ्यांना शिकवलं. कारागीर कुरकुरले, काम रखडलं. वहिनींनी सगळ्यांना बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. असं जेवण हॉटेलात शोधू नका.

तपासणीचे साहेब आले, शेडभर फिरले. एका लूमपाशी थांबून त्यांनी जाळीचं दार उघडायला हात घातला. शेटनी त्यांचं मनगट धरलं.

"सायेब, मोटर चालू हाय. आदी बंद करू द्या."

साहेबांनी हात मागे घेतला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि शेड चालू राहिली.

रफीकभाई माझ्या कानाशी म्हणाला, "हमको भी ऐसेच रोकता है सेठ, दो दिन से."

त्यानंतर मी पुष्कळ हिंडलो, चांगली चांगली ठिकाणं पाहिली. पण कुठल्याच प्रवासातून इतक्या ताठ मानेनं घरी आलो नाही. आईनं विचारलं, काय पाहिलंस भिवंडीत? म्हटलं, मी शिकवलेलं एका शेटनं सरकारी साहेबाला शिकवलं.

"मग पोटभर जेव," आई म्हणाली.