दोघांचा एक कोड

शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, जिना आणि भिंत यांमधल्या सांदीत बटणवालीचे दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे एक फळी, मागे छोट्या खणांचे लाकडी कपाट आणि बसायला स्टूल. प्रत्येक खणाच्या कडीला आतल्या मालाचा एक नमुना दोऱ्याने बांधलेला असतो: बटण, हूक, चेन, इलॅस्टिकचा तुकडा. शिंपी तिला ताई म्हणतात; ती समोर नसली की नुसते ‘बटण’. ‘बटणाच्या तोंडी लागू नका’ हा सल्ला गल्लीत नव्याने येणाऱ्याला आधी मिळतो, शिंप्याचा भाव नंतर.

फळीवर ऑनलाइन पैसे घेण्याचा कोड चिकटवला तो तिच्या लेकीने. आईचा विरोध होता, पण सुट्या पैशांपुढे तिचे काही चालले नाही. चार बटणे घेणारा मोठी नोट पुढे करी, सुटे नाहीत म्हटले की पलीकडच्या मोठ्या दुकानात जाई आणि तिथलाच होऊन राही. कोड आला आणि ही गळती थांबली. दुसरा फायदा तिने कोणी न विचारता सांगितला. नवऱ्याच्या पश्चात धाकटा दीर येता-जाता तिच्या गल्ल्यात हात घालत असे. आता गल्ला हलका झाला. “पैसे फोनमध्ये आहेत, भावजी, घ्या काढून,” असे ती त्याला सांगू लागली.

तोटेही तिने लपवले नाहीत. जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारी डबी दुकानात आली, तिचे भाडे दरमहा कापले जाऊ लागले आणि बटणवालीची कमाई साऱ्या गल्लीला पाठ झाली. दीर आता कोपऱ्यावर उभा राहून बेरीज करून येई. सांदीच्या मालकानेही भाडे वाढवले. त्यामागे डबीच होती असे ती म्हणते, मालक महागाईचे कारण देतो. तिने डबी खांद्याच्या पॅडांच्या खणात कोंबली. डबी तिथूनही बोलतच राहिली, फक्त सर्दी झाल्यासारखी.

तिच्या शेजारी धारवाला बसतो. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणे आणि जुन्या कात्र्या घासून विकणे हा त्याचा धंदा. उभ्या आयुष्यात चाकाने त्याच्या बोटांवरच्या रेषाही घासून नेल्या आहेत. खाते उघडायला गेला तेव्हा बँकेच्या यंत्राला त्याचा अंगठा ओळखू येईना. ‘पुन्हा येऊन बघा’ असे त्याला दरवेळी सांगण्यात आले. शेवटी त्याने जाणे सोडले. खिशात रोकड नसलेली गिऱ्हाइके त्याच्याकडून परत जाऊ लागली, तेव्हा बटणवालीने बसल्या जागेवरून हाक मारली, पैसे इकडे माझ्या कोडवर टाका. संध्याकाळी ती त्याचे पैसे गल्ल्यातून रोख देई. शेजाऱ्याला स्टूल द्यावे तसा हा व्यवहार होता. गल्लीतल्या कोणालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

शाळा उघडण्याच्या तोंडावर गल्लीत गणवेशांची झुंबड उडते. तिची वर्षाची निम्मी कमाई तेवढ्यात होते आणि घाऊक व्यापारी आधी पैसे घेतल्याशिवाय माल सोडत नाही. तिने फोनवरून पैसे पाठवले, ते गेले नाहीत. बँकेत गेल्यावर कळले की खाते गोठवले आहे. दूरच्या कोणा शहरात एकाला ऑनलाइन गंडा घातला गेला होता. त्या चोरीच्या पैशांतून कोणीतरी धारवाल्याकडून एक कात्री घेतली होती आणि पैसे टाकले होते तिच्या कोडवर. रक्कम एका कात्रीची, कुलूप साऱ्या खात्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिने तिथेच, जरा मोठ्याने म्हटले.

बँकेतला तरुण अधिकारी मनाने वाईट नव्हता, हे ती स्वतःच सांगते. त्याने तिला सोपी वाट दाखवली. शेजाऱ्याने न विचारता माझा कोड वापरला असा जबाब द्या, चौकशी त्याच्याकडे वळेल, तुमचे खाते लवकर सुटेल. लेकही म्हणाली, आई, दे लिहून, माल नाही आला तर शिंपी मोठ्या दुकानात जातील आणि परतणार नाहीत. लेकीचे काही चुकत होते असे नाही.

बटणवालीने आधी धारवाल्यालाच जाऊन सांगितले. तो चाक फिरवत म्हणाला, “द्या की लिहून, बाई. माझं खातंच नाही, माझं काय गोठवतात?”

“मग चाक उचलून नेतील.”

यावर तो काय म्हणाला, याबाबत दोघांचे सांगणे जुळत नाही. त्याच्या मते त्याने गंभीरपणे पुन्हा आग्रह केला. तिच्या मते त्याने चाक थांबवले आणि बराच वेळ पुन्हा फिरवले नाही. दोन्ही खरे असू शकते.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. अधिकाऱ्याने जबाबाचा मजकूर तयारच ठेवला होता. “सही करा, मावशी,” तो म्हणाला.

“मावशी म्हणता आणि मावशीलाच खोटं बोलायला लावता? कोड माझा. दिला मी. त्याने कात्री विकली, कात्री खरी होती. तेवढं लिहा.”

दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात घेणे नियमात बसत नाही, कोड आपणच दिला असे लिहून दिल्यास खाते कायमचे बंदही होऊ शकते, असे त्याने समजावले.

“बंद करा. पण खोट्यावर उघडू नका.”

तिला याची किंमत मोजावी लागली. गल्ल्यातल्या रोकडीत जेमतेम पांढरी बटणे आली. हूक संपले, चेन संपल्या, आणि ऐन हंगामात कपाटाचे निम्मे खण रिकामे राहिले. शिंपी मोठ्या दुकानात गेले. काही परतले, काही अजून परतलेले नाहीत. गल्ली तिच्या पाठीशी उभी राहिली असे लिहिणे छान वाटले असते, पण तसे झाले नाही. गणवेश वेळेत द्यायचे होते आणि ज्याला त्याला आपले पोट होते.

हंगाम सरल्यावर खाते सुटले. कात्रीची रक्कम मात्र अडकूनच राहिली आणि सोबत ताकीद आली: यापुढे इतरांचे पैसे या खात्यात घेऊ नयेत. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता तो कोड फाड, आपली रोकड बरी, असे तिने सुचवले. बटणवालीला ते पटले नाही. पैसा आपला, खाते आपले. मग भ्यायचे आपणच का, असा तिचा सवाल होता. तिने कोड पुसून लख्ख केला, दुकानावर पडदा ओढला आणि धारवाल्याला चाकावरून उठवून बँकेत नेले.

तोच अधिकारी होता. ती म्हणाली, “याचे पैसे माझ्या खात्यात नकोत, हा तुमचाच नियम. मग याचं खातं उघडा.”

यंत्राने अंगठा नाकारला. दुसरा नाकारला. मग एकेक करून बाकीची बोटेही नाकारली. पुन्हा कधीतरी येऊन बघा, असे अधिकारी सवयीने म्हणून गेला.

“पुन्हा म्हणजे? याला नवीन अंगठा फुटायचाय का?”

रांगेत कोणीतरी हसले. तिने एक खुर्ची धारवाल्याला ओढून दिली, दुसरीत स्वतः बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. रांग थबकली, मागून कुरकुर सुरू झाली, पण ती जागची हलली नाही. अखेर आतून मोठे साहेब आले. बोटे चालत नसतील तर डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय नियमात आहे, हे त्यांनी सांगितले. सोय पहिल्यापासून होती. ते यंत्र कपाटात होते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधावे लागणार होते.

धारवाला तिच्या कानाशी लागला. दुपारी कात्र्या द्यायच्या आहेत, शिंपी खोळंबतील, आपण उद्या येऊ.

“बसा,” ती म्हणाली. “आणि डोळे पुसून ठेवा.”