मीठवाल्यांचा झरा

लग्न ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की मुलाचे वडील संशोधन केंद्रात आहेत. ते खरंच होतं. तिथे ते नेमकं काय करतात हे कोणी सांगितलं नाही, आणि मीही शहाणीसारखं विचारलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी पुलावरून जात होते, तर खाली ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून माझे सासरे बादलीतलं खारं पाणी ओढ्यात ओतत होते. ओतून झाल्यावर त्यांनी बादली तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी विसळली आणि काठाकाठाने, दगडांवरून उड्या मारत, खालच्या अंगाला पळत सुटले. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

"ते काम आहे त्यांचं," तो म्हणाला. "पगार मिळतो त्याचा."

आमच्या वरच्या डोंगरात हिमनदी आहे. उन्हाळ्यात ती वितळते आणि तिचा ओढा आमच्या घराखालून जातो. त्यातून किती पाणी जातं हे केंद्राला मोजायचं असतं, पण धोंड्यांवरून धडपडत जाणारं पाणी मापात धरता येत नाही. म्हणून मोजून घेतलेलं मीठ पाण्यात विरघळवायचं, वर ओतायचं, आणि खाली मीटरची कांडी बुडवून ते किती पातळ होऊन आलं ते बघायचं. जितकं पातळ, तितकं पाणी जास्त. मला हे एका संध्याकाळी समजलं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अख्ख्या संसारात पटलं नव्हतं. "लोक कमावून घरी आणतात," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे पाण्यात घालतात."

बाबांना सगळे मीठवाले म्हणत. केंद्राच्या हजेरीपटावर त्यांचं दुसरं काहीतरी नाव होतं, पण ते हाक मारून पाहिलं तर त्यांचं त्यांनाच ओळखू यायचं नाही. हा माणूस 'साधारण' हा शब्द वापरत नाही. पाऊस पडेल का विचारलं तर म्हणतात, "आत्तापर्यंत नाही." चहाच्या कपात बोट बुडवून तापमान सांगतात, आणि तो कप पाहुण्यांचा असला तरी सांगतात. एकदा न्हाणीघराचा नळ गळत होता, तर प्लंबरला बोलवायच्या आधी त्यांनी दोन दिवस गळतीचा आलेख काढला. प्लंबर आला, त्याने आलेख बघितला आणि वायसर बदलून निघून गेला.

दर वर्षी बर्फ वितळायला लागलं की बाबा कोठीच्या खोलीत तराजू घेऊन बसत आणि मिठाच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या कापडी पुड्या करत. पुड्यांची तोंडं आई शिवत. निम्म्या पुड्या खेचरावर लादून वरच्या झोपडीत जात, कारण मोजणीची एक जागा तिथे होती. दुसरी जागा आमच्या पुलाखाली, म्हणून उरलेल्या पुड्या आमच्याच कोठीत राहत. एकदा शिवलेली पुडी बाबा परत तोलत नसत. परत तोलायची तर पहिल्यांदा कशाला तोलली, असं त्यांचं म्हणणं. वरवर ते बिनतोड वाटायचं.

तर त्या उन्हाळ्यात काय झालं, की पुलाखालचं पाणी वरच्यापेक्षा जास्त भरायला लागलं. थोडंथोडकं नाही, सव्वापट. आता ह्या दोन जागांच्या मधे ओढ्याला एक ओहोळही येऊन मिळत नाही. बाबांनी मीटर बदलला, कांडी बदलली, मोजे बदलले. सव्वापट ते सव्वापटच. केंद्राच्या संचालकबाई स्वतः येऊन ओढ्याच्या काठाने चालत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मीठवाले, जमिनीखालून झरा लागत असणार."

झालं. केंद्रात दुसरा विषयच उरला नाही. पाण्यातल्या दगडांखालचे किडे मोजणारे एक सर आहेत, त्यांना तिथले किडे एकाएकी गुटगुटीत दिसायला लागले. झऱ्याच्या उबदार पाण्याने असं होतंच, ते म्हणाले. खालच्या वस्तीला पिण्याचं पाणी कमी पडायचं, त्यांनी ह्या झऱ्यावरून नळ टाकून मागितला. आणि संचालकबाईंनी जाहीर केलं की झऱ्याला शोधणाऱ्याचं नाव द्यायचं: मीठवाल्यांचा झरा. पुलाशी दगड बसवायचा, मुख्य संस्थेतून पाहुणे बोलवायचे.

बाबा दोन दिवस चहात बोट घालायला विसरले. आईंचं मात्र विचारू नका. ज्या बाईने जन्मभर नवऱ्याला मिठावरून टोचून खाल्लं, ती आता फोनवर बहिणींना सांगत होती, "मी पहिल्यापासून म्हणतेय, ह्या कामात काहीतरी आहे." पहिल्यापासून त्या काय म्हणत होत्या ते मी वर लिहिलंच आहे. पण मला त्यांचा राग आला नाही. बाकीच्या बहिणींचे यजमान कोणी बँकेत, कोणी कोर्टात, आणि आईंना दर भेटीत कोणीतरी विचारायचंच, "भावोजी अजून ओढ्यातच का?" इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या ताठ मानेने बोलत होत्या, आणि बघताना मलाच बरं वाटत होतं.

हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधीच खाली दरड कोसळून रस्ता बंद पडला होता. दुकानातल्या काड्यापेट्या संपल्या, साबण संपला. एके सकाळी बाबा बॅटऱ्या आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. "बॅटऱ्या नाहीत," ते म्हणाले. "दरड पडल्यापासून मीठसुद्धा नाही म्हणे."

मी त्यांच्यापुढे उकडलेलं अंडं ठेवलं. त्यांनी मिठाची बरणी उघडली, चिमूट घेतली, आणि चिमूट तशीच हवेत राहिली. बरणी काठोकाठ भरलेली होती. ओट्याखाली आईंनी हिवाळ्यासाठी मिठात घातलेल्या कोबीच्या बरण्या होत्या. शेजारणीकडेही तशाच होत्या, तिच्या शेजारणीकडेही, कारण आईंचा हात मुळात सढळ. बाबा अंडं तिथेच टाकून कोठीत गेले.

मी मागोमाग गेले तर ते तराजूपुढे बसले होते. एक पुडी तोलली, दुसरी तोलली. सगळ्या हलक्या, आणि सगळ्या सारख्याच हलक्या. पुड्यांच्या तोंडाची शिवण आईंचीच होती, फक्त कुठे पांढऱ्याऐवजी निळा दोरा होता. सगळं केंद्र डोंगरात झरा शोधत होतं, आणि तो आमच्या ओट्याखाली कोबीत मुरत पडला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मीठ कमी पडलं, म्हणून ते जास्त पातळ दिसलं," बाबा पुडीला सांगत असल्यासारखे म्हणाले. "पाणी होतं तेवढंच आहे."

"बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. "आईंचा आनंद बघा जरा. दगड बसू दे, पाहुणे जाऊ देत."

"आणि खालची वस्ती? ते नळ टाकतील. नळातून काय यायचंय, कोबी?"

"मग बाईंना सांगून टाका."

"सांगायला हवंच. पण मीठ कोणी काढलं, हे विचारतील ना." ते पुडी परत नीट बांधायला लागले. "तिने बहिणींना बोलावलंय गं."

हे त्यांचं खरं दुखणं. नाव गेल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, माणूसच आहे. पण जिने पहिल्यांदा मान वर केली तिचीच मान खाली घालायला लावायची, ती पण बहिणींच्या देखत, हे त्यांच्याने होईना. ते दोनदा संचालकबाईंच्या खोलीत गेले आणि हवेविषयी बोलून परत आले. मला इतका राग यायचा की वाटायचं, त्यांच्या चहात मीच बोट बुडवावं. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडला.

पुलाशी दगड बसवला होता, त्यावर चादर. पाहुणे आले होते, बहिणी आल्या होत्या, सामान वाहून आणलेलं खेचरही बाजूला उभं होतं. संचालकबाई छान बोलल्या. किडेवाले सर किड्यांविषयी जरा जास्तच बोलले. मग बाई म्हणाल्या, "मीठवाले, दोन शब्द."

बाबा उभे राहिले आणि खरोखर दोनच शब्द बोलले. "झरा नाही."

कोणालाच काही कळेना. किडेवाले सर म्हणाले, "असं कसं? माझे किडे..."

"तुमचे किडे आधीपासून तसेच आहेत," बाबा म्हणाले. "खालच्या पुड्या हलक्या होत्या. मीठ कमी गेलं, म्हणून पाणी जास्त दिसलं. मी त्या परत तोलायला हव्या होत्या."

संचालकबाईंनी विचारलं, "हलक्या कशा झाल्या?"

बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. उजवीकडे खेचर होतं. "खेचराने खाल्लं," ते म्हणाले.

"शिवलेल्या पुडीतून?"

"हो."

"आणि मग पुड्या परत शिवल्या कोणी?"

बाबांचे कान लाल झाले. ह्या माणसाने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि पहिलं खोटं बोलायला निघाला तो शिवणकाम करणाऱ्या खेचराचं. पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं. ते हसू ऐकलं आणि आई बहिणींच्या मधून उठून सरळ पुढे आल्या.

"अहो, पुरे. त्या मुक्या जनावरावर कशाला आळ घेता?" आणि मग बाईंकडे वळून, "मीठ मी घेतलं. दुकानात नव्हतं, कोबी सडायला आला होता. मला वाटलं, नाहीतरी पाण्यातच टाकायचंय, थोडं कमी टाकलं तर ओढ्याला काय कळतंय. ह्यांना काही माहीत नव्हतं. आणि ह्यांना खोटं बोलायची सवय नाही, बघितलंत ना किती वाईट बोलतात."

मला वाटलं, आता बाई तडकणार. बाईंनी विचारलं, "किती घेतलंत?"

"प्रत्येक पुडीतून दोन मुठी."

"प्रत्येक? नक्की?"

"मग काय एकीतून जास्त घेऊ, एकीतून कमी? पुडी झाली म्हणून काय झालं, अन्याय तो अन्याय."

संचालकबाईंच्या तोंडावर हळूहळू जे काही उगवलं त्याला मी हसूच म्हणेन. "तराजू आणा," त्या म्हणाल्या.

मी धावत घरी जाऊन तराजू आणि मीठ आणलं. दगडावरच्या चादरीवर तराजू मांडला, आणि मुख्य संस्थेच्या पाहुण्यांसमोर, तिघी बहिणींसमोर, आईंनी मूठ भरून मीठ पारड्यात टाकलं. बाबांनी वजन वाचलं, किडेवाल्यांनी लिहून घेतलं. "पुन्हा," बाई म्हणाल्या. आईंनी पुन्हा टाकलं. "पुन्हा." बहिणी आधी तोंडावर पदर धरून हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या आणि माना पुढे काढून बघायला लागल्या. मूठ दर वेळी जवळपास तितकीच भरत होती. किडेवाल्यांनी बेरजा केल्या, भागाकार केले, उन्हाळ्याचे सगळे आकडे त्या मुठीच्या हिशोबाने दुरुस्त केले, आणि पुलाखालचं पाणी अगदी मुकाट्याने वरच्या पाण्याएवढं होऊन बसलं. झरा गेला, पण उन्हाळ्याची मोजणी वाचली. खालच्या वस्तीचा माणूस जरा हिरमुसला, पण जमिनीत नळ घालायच्या आधी कळलं म्हणून बाबांचा हात हातात घेऊन गेला.

पाहुणे गेले, बहिणीही मुक्कामाला न थांबता गेल्या. घरी आल्यावर आई ओट्याशी उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे त्या रडल्या. झऱ्यासाठी नाही. "तुमचं नाव लागणार होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी ते कोबीत घातलं."

बाबांनी तराजू जागेवर ठेवला. त्यांनी आईंच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, साडीला नाही, कशालाच नाही. ते म्हणाले, "तुझी मूठ एकसारखी आहे. मी इतकी वर्षं वजनं करतोय, माझा हात एवढा सारखा नाही." आणि पाय धुवायला निघून गेले.

आई तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला. सांत्वनाला आला होता की टोमणे मारायला, देव जाणे. आईंनी तिला धड बोलूही दिलं नाही. "अगं, झऱ्याचं सोड, तो खोटाच निघाला. हे काय म्हणाले ते ऐक आधी." मग त्यांनी ते वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण आई आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही गं, चारचौघांत नाही. घरी आल्यावर. माझ्या तोंडावर म्हणाले."