विहिरीतल्या राज्याची खीर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकोल्याहून आबा येतील आणि पोरीला घेऊन जातील, हे पाडव्यालाच ठरून गेलं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

पोरगी म्हणजे माझ्या सुनेची मुलगी, तिच्या पहिल्या लग्नाची. तिचे बाबा गाडीच्या अपघातात गेले. पुढं सुनेनं माझ्या मुलाशी लग्न केलं आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्या राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये आली. आबा हे त्या गेलेल्या बाबांचे वडील. अकोल्यात भाजीपाल्याचा धंदा, बाळापूरच्या रस्त्याला मळा, माणूस अगदी भला. पण रोज संध्याकाळी नात फोनवर एकच वाक्य बोलायची, "आबा, मले इथं गमत नाही." हे रोज ऐकून कोणता आजोबा स्वस्थ बसेल?

आणि गमत, म्हणजे करमत, नव्हतंच तिला. त्रास काही द्यायची नाही, दिला असता तर बरं झालं असतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, हट्टी पोरं सरळ करणं माझ्या हातचा मळ. ही हट्टच करत नव्हती. ताटातला दहीभात तेवढा खायची, बाकीचं तसंच ठेवायची, आणि स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घालायची, परक्या घरी उतरल्यासारखी. मला आजी म्हणायची नाही, बाई म्हणायची नाही, कशानंही हाक मारायची नाही. पाणी हवं असलं की माझ्याजवळ येऊन उभी राहायची, मी वर बघेपर्यंत.

हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, आजार काही नाही, जेवायला घाला. जसं काही आम्ही उपाशी ठेवत होतो! पाडव्याला आबा आले, त्यांनी ते कडं पाहिलं. जाताना दारात सुनेला म्हणाले की तुझं चांगलं झालं, आम्हाला आनंदच आहे, पण पोट्टी सुकून राहिली. आखाजीपर्यंत पाहा, नाही तर मी नेतो आणि तिकडच्या शाळेत घालतो. सून मान खाली घालून हो म्हणाली. त्यानंतर ती पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची, लाटणं हातात तसंच. लेक जाणार, हे तिनं मनातून मान्यच करून टाकलं होतं. मला ते पाहवत नव्हतं आणि तिचा रागही यायचा. आपल्या पोटचं पोर असं न भांडता कोणी देतं का?

पोरीच्या कपाटावर चार जाडजूड पुस्तकं होती. एका मालिकेतली. नाव घेत नाही, पण त्या वयाच्या पोरांच्या घरोघरी सापडतील. एका जुन्या विहिरीच्या तळाशी उतरलं की दुसरं राज्य लागतं, तिथं वारा गाईगुरांसारखा पाळतात आणि ऋतू बाजारात विकत मिळतात, असा सगळा प्रकार. तिच्या डोळ्यांत जीव दिसायचा तो ती पुस्तकं हातात असताना. एका दुपारी ती शिकवणीला गेल्यावर मी पहिलं उघडलं आणि पाहते तर काय, त्या राज्यातले लोक दर दहा-बारा पानांनी जेवायला बसतात! मनात आलं, बाई गं, तुला आमच्या घरचं नको ना, मग तुझ्या त्या विहिरीतलं खा.

मग मी हात धुऊन त्यामागं लागले. लढाया, शाप, भविष्यवाण्या सगळ्या गाळल्या आणि फक्त जेवणाची पानं वाचली. माझा मुलगा वकील, त्याला प्रत्येक गोष्टीत पुरावा लागतो. तो म्हणाला, आई, असल्या नाटकानं काय होणार आहे? मी म्हटलं, तू तुझं कोर्ट सांभाळ.

पहिलं केलं वाऱ्याचं सूप. पुस्तकात ते पांढरंशुभ्र आणि अगदी सौम्य आहे, प्यायलं की अंग हलकं होतं म्हणे. मी दुधीचं केलं, गाळलं, दूध घातलं. इथपर्यंत ठीक होतं. पण वऱ्हाडी बाईच्या हाताला बिनफोडणीचं भांडं गॅसवरून उतरवता येत नाही. मी इकडं मनाला बजावत होते आणि तिकडं हातानं लसूण-जिऱ्याची फोडणी चुर्र करून ओतूनही टाकली. पोरीनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "त्यात लसूण नसते."

आपण होऊन माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन देवाला हात जोडले.

ढगांची भाकर जमली नाही, दोनदा दगड झाली. पण कंदीलवड्या मात्र झकास झाल्या. शेंदूरजनाघाटला माझी बहीण दिली आहे, तिनं मृग बहाराची शेवटची संत्री पाठवली होती. त्यांचा रस आटवून, कॉर्नफ्लोअर घालून थाळीत थापला. पोरीनं एक वडी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, आरपार पाहिलं, मग खाल्ली. मग दुसरी खाल्ली. सुनेनं माझा हात दाबला. वाटलं, जिंकलो. संध्याकाळी फोन आला आणि आम्ही सगळे आपापल्या कामात असल्यासारखे कान देऊन उभे राहिलो. "आबा, मले इथं गमत नाही." झालं. त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट घरात होती, जिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पोरीनं बाबांचा फोटो बॅगेत, फ्रॉकांच्या घड्यांत ठेवला होता. लपव असं तिला कुणी म्हटलं नव्हतं आणि बाहेर काढ असंही कुणी म्हटलं नव्हतं. माझा मुलगा त्या बॅगेजवळून जाताना नजर दुसरीकडे करायचा. वाईट माणूस नाही तो. पण आपल्या आधीच्या माणसाशी कसं वागायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि मलाही.

आखाजी उजाडली. सकाळी मागच्या गॅलरीत घमेल्यात गोवऱ्या पेटवून माझ्या मुलानं आमच्या पितरांना घास टाकला. आमच्याकडे निखाऱ्यांवर तुपासह घास टाकतात, भोवती पाणी फिरवतात, मग घरचे जेवतात. तेवढं आटोपून मी शेवटच्या बेताला लागले. सूप होतं, या वेळी लसणाशिवाय. कंदीलवड्या होत्या. आणि मी राखून ठेवलेला हुकमी पत्ता होता चांदीची खीर. पहिल्या पुस्तकात एक दमलेला मुलगा विहिरीच्या तळाशी असलेल्या खानावळीत येतो, तिथली म्हातारी त्याला ही खीर देते आणि कित्येक दिवसांनी तो निवांत झोपतो. मला ते पान फार आवडलं होतं. तांदळाची दाट खीर केली, केशर टाळलं, वरून मिठाईवाल्याकडून आणलेला चांदीचा वर्ख लावला.

आबा आपल्या घरचा घास टाकून दुपारच्या बसनं आले. बॅग हॉलमध्ये भरून तयार होती. सुनेनंच भरली होती. सगळे टेबलाभोवती बसलो. पोरगी सूप प्यायली. दोन वड्या खाल्ल्या. आबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मी मोठ्या ऐटीत खीर आणून तिच्यापुढं ठेवली.

वर्ख दिसला आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. तिनं दोन्ही हातांनी वाटी टेबलाच्या मधोमध सरकवली.

मुलगा म्हणाला, एक चमचा तरी घे. तिनं मान हलवली. तो पुन्हा म्हणाला, जरा चढ्या आवाजात. सून म्हणाली, राहू द्या हो. आबा उठलेच. त्यांनी बॅगेला हात घातला आणि म्हणाले, चाल माय, बस चुकंल. पोरगी खुर्चीवरून उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन बॅगेवर हात ठेवून उभी राहिली. माझं डोकं फिरलं. महिनाभर गॅसपुढं उन्हाळ्याचा उकाडा काढला होता मी.

"काहून नाही खात, एवढं तरी सांगून जा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ही खाल्ली का मागचं इसरते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कपाटावर चारच पुस्तकं होती. पाचवं तिच्या बॅगेत होतं, फोटोजवळ. त्या पाचव्यात कळतं की खानावळीतली म्हातारी साधी नाही. तिची खीर परक्या घरी बसून खाल्ली की तिथं गमायला लागतं, आणि जसजसं गमतं तसतसं मागचं घर पुसत जातं. शेवटी त्या मुलाचा बाप त्याला शोधत दाराशी येतो आणि मुलगा विचारतो, तुम्ही कोण? तिचे बाबा रोज जेवण झाल्यावर तिला वाचून दाखवायचे. त्या पानापर्यंत वाचून झालं होतं. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. पुढं त्या मुलाला बाप आठवला की नाही, तिला माहीत नव्हतं. तिनं पुढचं पान उघडलंच नव्हतं.

म्हणजे दहीभातावर राहण्याचं कारण हे होतं. इथलं गोड लागलं तर इथं गमेल, आणि गमलं तर बाबा जातील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जगातल्या ज्या एका पदार्थाला पोरगी भीत होती, तोच मी वर्ख लावून तिच्यापुढं ठेवला होता. सून तोंडाला पदर लावून रडत होती. आईला सांगितलं तर ती रडेल, म्हणून पोरीनं तिलाही सांगितलं नव्हतं.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"आमच्यात तांदळाची खीर कोणाले वाढतात, मालूम आहे तुले?" मी म्हटलं. "गेलेल्या माणसाले. पितराच्या पानावर पहिले खीरच वाढतात. आमची खीर इसरासाठी नसते, माय. आठवासाठी असते."

तिनं बॅगेवरचा हात काढला. मी मुलाला म्हटलं, घमेल्यातले निखारे विझले नसतील, फुंक आणि एक घास हिच्या बाबांना टाक.

आबा खाली बघत म्हणाले की बाई, त्याचा घास आम्ही सकाळीच टाकला, आणि दुसऱ्याच्या घरी नसतात टाकत. रीत त्यांचीच बरोबर होती. आपल्या कुळाचा घास आपल्या घरी. आणि मी सांगत होते कोणाला, तर त्या माणसाच्या जागी आलेल्या माझ्या मुलाला. पण आता मागं हटायचं नव्हतं.

"तिकडं जेवले, इकडंही जेवतील," मी म्हटलं. "पोट्टी दोन घरची आहे, भाऊ."

मुलगा उठला आणि आत गेला. मला वाटलं, गेला हा खोलीत, आता दार लावून घेणार. मग गॅलरीतून फुंकर मारल्याचा आवाज आला, गोवरीचा धूर हॉलपर्यंत आला, आणि त्यानं हाक मारली. मला नाही, बायकोला नाही. पोरीला.

"इकडं ये. तुझ्या बाबाले काय काय आवडे, ते तूच वाढ."

तिनं बॅग उघडली. फोटो काढला आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीला टेकवून ठेवला. छोट्या ताटलीत खीर वाढली, एक वडी ठेवली. मग जरा विचार करून माझ्याकडं वळली. "ठेचा आहे?"

महिनाभर मी तिखटाला पोरीच्या ताटाबाहेर काढलं होतं, आणि हिच्या बाबांना ठेचा लागत होता! मी धावत जाऊन सकाळचा ठेचा आणि भाकरीचा तुकडा आणला. आबा भिंतीला टेकून उभे होते, डोळे पुसत म्हणाले, लै तिखट खाये तो. माझ्या मुलानं घास निखाऱ्यांवर ठेवला, तूप सोडलं, जाळ उठला, त्यानं पाणी फिरवलं आणि फोटोला हात जोडले. मी त्याला जन्म दिला, पण त्या दिवशी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पोरगी तिथंच फरशीवर बसली. उरलेल्या खिरीतून एक चमचा घेतला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं, एखादं स्तोत्र म्हणत असेल. आबांनी ओळखलं. ती बाबांच्या गाडीचा नंबर म्हणत होती. पूर्ण म्हटला, डोळे उघडले आणि आबांना सांगितलं, "आठवते." मग दुसरा चमचा घेतला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा नंबर. वाटी संपेपर्यंत दर घासाला तिनं बाबांना तपासून पाहिलं, आणि आम्ही चौघं मोठी माणसं पाहत तिच्यासमोर उभे होतो.

आबा संध्याकाळच्या बसनं एकटेच गेले. बॅग सुनेनं आत नेली. अकोल्याला पोचल्यावर त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही नेहमीसारखे आपापल्या कामात असल्यासारखे उभे राहिलो. ती बराच वेळ फक्त हो, हो करत होती. गमत नाही, हे वाक्य काही आलं नाही. मग म्हणाली, "आबा, आजी खिरीत वेलची लै टाकते."

माझ्या खिरीला कोणी नावं ठेवलेली मी आजवर ऐकून घेतली नव्हती.