हवेच्या टाकीवरचे दसरूभाऊ

टाकीतला जादा गाळ काढून टाकता येतो. किश्श्यांचं तसं नाही, ते साचतच जातात! पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. वसाहतीचं सांडपाणी एका टाकीत यायचं, खालून हवा सोडली की त्यातले जंतू घाण खाऊन पाणी स्वच्छ करायचे. टाकीवर कामाला होते दसरूभाऊ, मूल गावाकडचे धानवाले शेतकरी.

*

रोज टाकीतलं पाणी काचेच्या उभट भांड्यात अर्धा तास ठेवून किती गाळ बसला ते लिहायचं. घड्याळ ऑफिसात, म्हणून भाऊंचा अर्धा तास म्हणजे चार बिड्या. एकदा आठवडाभर गाळ नीट बसेचना. मी पुस्तकं धुंडाळली, हवा कमीजास्त केली. शेवटी कळलं, भाऊंना खोकला झाला होता आणि बायकोनं दोनच बिड्या मंजूर केल्या होत्या!

*

एकदा त्यांना मायक्रोस्कोपमधून जंतू दाखवले. देठावर डुलणारे ते जीव बघून भाऊ हरखले. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी एकदम गप्प. मी धावत गेलो, तर भाऊंनी हवा बंद केलेली!

"सकाळपासून जेवूनच राह्यले ना ते. थोडा आराम नाई कराचा?"

हवा कोंडली की ते मरतात, हे सांगितल्यावर भाऊ त्या रात्री जेवले नाहीत.

*

बड्या साहेबांना ही टाकी म्हणजे फुकटचा उपद्व्याप वाटायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले. पाणी गढूळ दिसलं तर टाकी बंद, घाण थेट नाल्यात. नाल्याचं पाणी पुढची दोन गावं पीत होती. माझी झोप उडाली.

पोळ्याला सगळी वसाहत आपापल्या गावी गेली. मी टाकीवर गेलो. हवा चालू, पण सांडपाणी आत सोडायचा व्हॉल्व्ह बंद! जे थोडं पाणी येत होतं ते अलीकडच्या हौदात साचत होतं. कठड्यावर झेंडूचा हार आणि एक पुरणपोळी. मी भडकलोच.

भाऊ टाकीकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवतेत का? मंग यायनंच काऊन राबाचं? हवा चालू हाये ना."

त्यांचं तोंड बघून मला काही व्हॉल्व्ह उघडवेना.

दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी भांड्यात ठेवून गाळ बसल्यावर साहेबांनी वरचं पाणी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरलं. पलीकडचं मोहाचं झाड स्वच्छ दिसत होतं. नवी घाण आली नाही, तेव्हा होती तेवढी जंतूंनी खाऊन संपवली होती. बराच वेळ बघून ते म्हणाले, टाकी चालू राहू द्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, औषध कोणतं टाकलंत?

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "औषध नाई साहेब. काल त्यायचा पोळा होता."